पोर्शे घ्यावी की एम-थ्री

अरविंद गायधनीने लग्नाच्या वेळी प्रेशर कुकर कुठल्या कंपनीचा घ्यावा यावर चार महिने घालवले, आणि शेवटी सासऱ्यांनीच वैतागून एक आणून दिला. तो कुकर अजून चालतोय. पण दुसऱ्या कंपनीचा घेतला असता तर डाळ लवकर शिजली असती, असं अरविंदला अजूनही वाटतं. असा हा माणूस! मूळचा नाशिकचा, अंगाने किडकिडीत, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावणारा. सौदीत अल-खोबरला एका कंत्राटदार कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर होता. दुसऱ्याच्या तोंडावर नाही म्हणणं त्याला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, आणि हो म्हणतानाही तो एकदा मागे वळून बघायचा.

आता अशा माणसाने आपलं गपगुमान आपल्या जुन्या कोरोलात बसावं की नाही? पण नाही. त्याला वेड लागलं ते जर्मन गाड्यांचं. त्यातही दोनच. एक पोर्शे नाइन-इलेव्हन आणि दुसरी बीएमडब्ल्यू एम-थ्री. गेली पाच-सहा वर्षं तो या दोन गाड्यांमधून एक निवडत होता. पगारात दोन्हींपैकी एकीचं चाकसुद्धा येण्यासारखं नव्हतं, पण ही गोष्ट तो कधी बोलायचा नाही. कुणी विचारलंच तर गंभीर चेहरा करून म्हणायचा, "प्रश्न पैशाचा नाहीये हो, प्रश्न निवडीचा आहे." पोर्शेचं इंजिन मागे, त्यामुळे वळणावर मजा वेगळी. एम-थ्रीचं पुढे, त्यामुळे तोल चांगला. पोर्शेला घराणं आहे, एम-थ्रीला रोजच्या वापरातला समंजसपणा आहे. शोरूमच्या लोकांनी सुरुवातीला त्याला कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर देऊन बसवलं. पुढे पुढे तो आला की ते फोनवर बोलायला लागायचे. तरी हा काचेबाहेरून बघून यायचाच.

बायको मंजिरी म्हणायची, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! अहो, आधी त्या कोरोलाचा एसी दुरुस्त करा."

जगात एकच माणूस अरविंदचं बोलणं मनापासून ऐकायचा. त्याची मुलगी तन्वी. अकरावीत होती. त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, खालून कॉर्निशचा, म्हणजे समुद्राकाठचा, रस्ता जायचा. मगरिबची, सूर्यास्ताची नमाज झाली, दुकानांची शटरं पुन्हा वर गेली, की गावातली श्रीमंत पोरं आपापल्या गाड्या काढून समुद्राकाठी उंडारायला यायची. तेव्हा बाप-लेक बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. रस्त्याकडे पाठ करायची आणि नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायची, असा त्यांचा खेळ. तन्वी दहापैकी नऊ वेळा बरोबर सांगायची. "बाबा, एम-थ्री! सुरीने पत्रा कापल्यासारखा आवाज आहे बघ." तिला वाढदिवसाला इतर मुलींसारखे कपडे नको असायचे, गाड्यांची मासिकं हवी असायची. त्या देशात बाईच्या हाती स्टिअरिंग येणार नाही हे ती जाणून होती. म्हणायची, "मी पुण्याला कॉलेजला गेले ना, की पहिलं लायसन्स काढणार." बारावी झाली की तिकडच्या सगळ्याच भारतीय पोरांना घर सोडून मायदेशी शिकायला जावं लागायचं. म्हणजे लेक हाताशी आहे ती दीड-दोन वर्षं, हे अरविंदला कळत होतं. ऑफिसात त्याला कुणी विचारत नव्हतं, घरात मंजिरी त्याचं एक वाक्य पुरतं ऐकत नव्हती. पण संध्याकाळी ही पोरगी शेजारी येऊन उभी राहिली, की अरविंद गायधनी दोन इंच उंच व्हायचा. तिच्या डोळ्यांत तो कुणीतरी होता. तेवढीच त्याची इस्टेट.

आता दुसरी बाजू ऐका. खोबर-दम्मामच्या मराठी मंडळींचा एक गोतावळा होता. वीस-पंचवीस घरं. दर दोन-तीन आठवड्यांनी गुरुवारी रात्री कुणाकडे तरी जमायचे. या गोतावळ्याचा म्होरक्या उमाकांत खांबेटे. डोंबिवलीचा, मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, राहायला कंपनीच्या बंदिस्त कंपाउंडमध्ये बंगली, आवाज असा की माइक लागू नये. त्याने कॉलेजातली एक प्रथा तिथे आणून रुजवली होती. फिशपॉन्ड. म्हणजे एकेकाच्या नावाने झोंबणाऱ्या ओळी लिहायच्या आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या. नियम एकच. ज्याच्यावर फिशपॉन्ड पडला त्याने उभं राहायचं आणि हसायचं. रागावायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, तोंड पाडायचं नाही. ज्याने तोंड पाडलं त्याला पुढे वर्षभर सगळे "लागलं का हो?" म्हणून विचारायचे. एका बिचाऱ्याने या विचारण्याला कंटाळून मंडळींत येणंच सोडलं. परक्या मुलखात चार मराठी माणसं सोडून जाणार कुठे? तो सुट्टीचा सगळा दिवस फ्लॅटमध्ये टीव्हीपुढे बसायला लागला. तेव्हापासून सगळे शहाणे झाले. फिशपॉन्ड पडला की उभं राहायचं आणि बत्तीशी दाखवायची.

अरविंदवर दरवेळी पडायचा. हक्काचं गिऱ्हाईक! त्या वर्षी गणपतीत उमाकांतने वाचलं होतं, "बायको बसली कोरोलात, मन बसलं पोर्शेत, आणि पाय मात्र जन्मभर ब्रेकवर!" हॉल हशाने कोसळला होता. अरविंद उभा राहून हसला होता. तन्वी बायकांच्या बाजूला बसली होती, ती हसली नव्हती. घरी येताना गाडीत म्हणाली, "बाबा, त्या अंकलना गिअरबॉक्स म्हणजे काय तेसुद्धा माहीत नाही." अरविंदला एवढं बरं वाटलं की त्याने वाटेत थांबून सगळ्यांना शोरमा घेऊन दिला.

तर ईद झाल्यावरची गोष्ट. गावातल्या एका मॉलने सोडत काढली होती. शंभर रियालचं सामान घेतलं की एक कूपन, ते काचेच्या मोठ्या पिंपात टाकायचं, पहिलं बक्षीस गाडी. गाडी साधीच होती, मॉलच्या मधोमध फिती बांधून ठेवलेली. तन्वीने बापाच्या नावाने बरीच कूपनं टाकली होती. आणि ती टाकताना उमाकांतच्या बायकोने, पद्मिनीने, पाहिलं होतं. तिने घरी जाऊन सहज सांगितलं. उमाकांतच्या डोक्यात किडा वळवळला. त्याच्या ऑफिसात एक गोड आवाजाचा लेबनानी सहकारी होता. त्याला पढवून त्याने अरविंदला फोन करायला लावला.

अरविंद फोनवर बोलताना सोफ्यावरून उठून उभा राहिला. "येस सर. थँक्यू सर. येस सर." मंजिरी भाजी निवडत होती, तिने हातातली मेथी खाली ठेवली. पलीकडचा माणूस सांगत होता की अभिनंदन, पहिलं बक्षीस तुमचं. पण यंदा दोन विक्रेत्यांनी मिळून बक्षीस वाढवलं आहे, तेव्हा विजेत्याने दोन गाड्यांतून एक निवडायची आहे. नाइन-इलेव्हन किंवा एम-थ्री. पुढच्या गुरुवारी रात्री आठला मॉलमध्ये गाडीच्या स्टँडपाशी सहकुटुंब या, आणि तुमची निवड तिथेच सांगा. तोपर्यंत मॉलकडे चौकशी करू नका, जाहिरातीच्या दृष्टीने गुपित ठेवलं आहे.

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, अरे जा रे! सोडतीत साधी गाडी ठेवणारा मॉल एकदम पोर्शे कशाला वाटेल? पण ज्याने सहा वर्षं त्या दोनच गाड्यांमध्ये येरझाऱ्या घातल्या, त्याला यात नवल काहीच वाटलं नाही. उलट आपल्यावर देवाने नेमका हाच प्रश्न घातला, यात त्याला काहीतरी न्याय दिसला. फोन ठेवून तो जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. तन्वी धावत आली. तिने बापाच्या गळ्यात हात टाकले आणि दोघं रडत, हसत बसून राहिले. मंजिरी तेवढी म्हणाली, "अहो, नीट चौकशी तरी करा." कुणी ऐकलं नाही.

मग सुरू झाला तो आठवडा. काय सांगावं! तसा आठवडा त्या घरात ना आधी आला होता ना पुढे कधी आला. बाप-लेक मासिकं पसरून बसायचे. अरविंदचा कल नाइन-इलेव्हनकडे. तन्वीचा एम-थ्रीकडे.

"बाबा, पोर्शेची मागची सीट बघितलीस का? तिथे माणूस बसू शकत नाही."

"भाजीची पिशवी राहील की."

"आणि मी?" मंजिरीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"तू पिशवी मांडीवर घेऊन बसशील," अरविंद म्हणाला, आणि मंजिरीसुद्धा हसली. कित्येक महिन्यांनी ती नवऱ्याच्या बोलण्यावर हसली होती.

तन्वी हट्टाला पेटली होती. "नाही हं. आई मागे नीट बसली पाहिजे. एम-थ्रीच घ्यायची." अरविंद रोज रात्री तिचं म्हणणं मान्य करायचा आणि सकाळी पुन्हा पोर्शेवर यायचा. ऑफिसात त्याने कुणाला सांगितलं नाही, तेवढी छाती नव्हतीच. पण तन्वी सोळा वर्षांची पोर. तिने आधी जिवलग मैत्रिणीला, नूरुन्निसाला सांगितलं. नूरुन्निसाने शाळेच्या बसमध्ये सांगितलं. दोन दिवसांत मुलींच्या सगळ्या वर्गांत माहीत झालं. फिजिक्सच्या मॅडमनी तिला उभं करून अभिनंदन केलं. नूरुन्निसा आणि तिची अम्मी गुरुवारी मॉलमध्ये बघायला येणार असं ठरलं.

गुरुवार उजाडला. तिकडे तो सुट्टीचा दिवस. तन्वी अजून झोपली होती. मंजिरीने चहाचा कप अरविंदपुढे ठेवला आणि स्वतः समोर बसली. ती अशी समोर बसली की काहीतरी असतं, हे त्याला माहीत होतं.

"पद्मिनीचा फोन आला होता काल," ती म्हणाली. "सगळी थट्टा आहे. उमाकांतरावांनी केलेली. मॉलमध्ये सगळी मंडळी लपून बसणार आहेत. तन्वी फारच गुंतलीय हे पोरांकडून तिला कळलं, म्हणून तिला राहवलं नाही. मी सांगितलं असं बोलू नका म्हणाली."

अरविंदच्या कपात चहावर साय धरली. त्याला आधी वाटलं की हे खोटं आहे, मग वाटलं की हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने टेबलाची कड धरली.

"तन्वीला आत्ताच्या आत्ता सांगा," मंजिरी म्हणाली.

"तू सांग ना."

"मी? मी नेहमीच खोडा घालते असं म्हणेल ती. हरभऱ्याच्या झाडावर तुम्ही चढवलंत, तुम्हीच उतरवा. आणि आपण जायचं नाही. एवढी साधी गोष्ट आहे."

साधी! तिला काय जातंय बोलायला? न जावं तर मंडळी म्हणणार, गायधन्यांना लागलं हो. वर्षभर विचारत बसणार. जावं तर पोरीला तिथे तीस लोकांसमोर कळणार. आधी सांगावं तर तिच्या तोंडाकडे बघायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अरविंद म्हणाला, "सांगतो. नाश्ता होऊ दे तिचा."

नाश्ता झाला. तन्वीने पोहे खाताना सांगितलं की तिने रात्री जागून शेवटचा विचार केलाय, आणि बाबांना पोर्शे एवढी आवडते तर पोर्शेच घेऊ या. "आईची सीट आपण काहीतरी करू. तू किती वर्षं वाट बघितलीस, बाबा. तूच निवड." अरविंदने तोंड उघडलं. मग पाणी प्यायला. मग म्हणाला, "बघू."

दुपारी जेवण झाल्यावर सांगू म्हणाला. दुपारी ती कपड्यांना इस्त्री करत होती. नवा मोतिया रंगाचा ड्रेस. त्यावरून अबाया घालायचा होता, म्हणजे तो कुणालाच दिसणार नव्हता, तरी ती त्याची एकेक चुणी काढत होती. अरविंद तिच्या दारात उभा राहिला. ती म्हणाली, "काय रे बाबा?" तो म्हणाला, "काही नाही, इस्त्री जपून." संध्याकाळी अस्रच्या नमाजेनंतर सांगू, गाडीत बसल्यावर सांगू, सिग्नलला थांबल्यावर सांगू. मंजिरी पुढच्या सीटवरून त्याच्याकडे तीनदा वळून बघत होती आणि तो पुढच्या काचेतून बघत होता. कुकर निवडायला चार महिने लावणाऱ्या माणसाला एक वाक्य बोलायला एक दिवस कसा पुरावा? मॉलच्या पार्किंगमध्ये त्याने गाडी लावली. मंजिरी दात-ओठ खाऊन म्हणाली, "अजून वेळ आहे." तन्वी तोवर उतरून पळत सरकत्या दाराशी पोचलीही होती.

स्टँडपाशी ती साधी गाडी फिती बांधून उभी होती. बाजूला नूरुन्निसा आणि तिची अम्मी थांबल्या होत्या. नूरुन्निसाने तन्वीचा हात हातात घेतला. तन्वी मान उंच करून इकडेतिकडे बघत होती की दोन गाड्या कुठल्या दारातून आणणार.

आठ वाजले आणि कपड्यांच्या दुकानामागून, जिन्यावरून, खांबांआडून सगळी मंडळी टाळ्या वाजवत बाहेर आली. पुढे उमाकांत. हातात एक ट्रे, त्यावर लाल मखमल. त्याने मखमल ओढली. ट्रेवर दोन खेळण्यातल्या गाड्या होत्या, दोन रियालच्या दुकानातल्या. एक लाल, एक निळी.

"गायधनी साहेब!" उमाकांत ओरडला. "निवडा! पोर्शे की एम-थ्री? घाई नाही हं, अजून सहा वर्षं घ्या!"

हशा असा उसळला की फूड कोर्टमधली माणसं कठड्याशी येऊन वाकून बघायला लागली. सगळ्यांचे डोळे अरविंदवर. आता हा काय करतो, याचं तोंड कसं होतं, हेच तर बघायला सगळे आले होते. तन्वी अजून हसरीच होती. तिला वाटत होतं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, खऱ्या गाड्या मागून येतील. मग तिने बापाकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, की बाबा, हे काय आहे?

त्या क्षणी त्याला फक्त तिच्याजवळ जायचं होतं. तिचा हात धरायचा होता आणि "चल बाळा, घरी जाऊ" एवढं म्हणायचं होतं. मंडळी वर्षभर काहीही बोलली असती. बोलू द्यायची होती! पण अरविंद गायधनी हसायला लागला. मोठ्याने, पोट धरून, उमाकांतपेक्षाही मोठ्याने.

"अहो खांबेटे," तो म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं! एवढा काय मी खुळा आहे? मॉल कधी पोर्शे वाटतो का?"

उमाकांतचा चेहरा जरा उतरला. "मग आलात कशाला?"

"आता तुमची गंमत तुमच्यावर उलटवायची म्हणून." आणि इथे त्याची जीभ पुढे धावली. सगळे त्याच्याकडे चक्क कौतुकाने बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा. त्या नजरा सुटू नयेत म्हणून तो बोलत गेला. "आणि आमच्या या बाईसाहेबांची मजा बघायला! हिला खरंच वाटलं! आठवडाभर पोर्शे की एम-थ्री, पोर्शे की एम-थ्री! सगळ्या शाळेला सांगून आली! मी म्हटलं चालू दे, बघू कुठवर जातेय." त्याने उमाकांतच्या हातातला ट्रे घेतला आणि तन्वीपुढे धरला. "घ्या मॅडम. निवडा!"

तीस डोकी एकदम त्या पोरीकडे वळली. उमाकांतला बुडत्याला काडीचा आधार मिळाला, त्याने लगेच सूर धरला, "तन्वीबाई, ड्रायव्हर ठेवणार की स्वतः चालवणार?" पुन्हा हशा. नूरुन्निसाला मराठी येत नव्हतं, पण खेळण्यातल्या गाड्या कळायला मराठी कशाला लागतं? तिने हळूच तन्वीच्या हातातला आपला हात काढून घेतला. तिची अम्मी तिला खांद्याला धरून घेऊन गेली. पद्मिनी खाली बघत होती. मंजिरीने नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागीच मेला असता.

तन्वी रडली नाही. बापाने तिच्यासमोर जमिनीवर बसून ढसाढसा रडून आठवडाच झाला होता, तेव्हा तो पहिल्या दिवसापासून ओळखून होता की नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने निळी गाडी उचलली आणि म्हणाली, "थँक्यू, अंकल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिलाडू पोरगी आहे, असं कुणीतरी म्हणालं.

घरी पोचले. जिना चढताना अरविंद म्हणाला, "अगं, तिथे असंच बोलावं लागतं. तू मनाला लावून घेऊ नकोस." तन्वी म्हणाली, "इट्स ओके." मंजिरीने दाराची किल्ली फिरवली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी प्यायचं असलं तर माठात आहे." त्या रात्री तिने मुलीच्या खोलीत अंथरूण घातलं आणि ते पुढे तिथेच राहिलं.

शाळेच्या बसमध्ये तन्वीला "पोर्शे" असं नाव पडलं. नूरुन्निसा दुसऱ्या सीटवर बसायला लागली. अरविंदला हे मंजिरीकडून कळायचं, कारण तन्वी आता त्याला विचारलं तेवढंच सांगायची, तेही इंग्रजीत. त्याने एकदा धीर करून नवं मासिक आणून तिच्या टेबलावर ठेवलं. ते आठवडाभर तिथेच राहिलं आणि मग मंजिरीने ते स्वयंपाकघरात नेऊन त्यावर कणकेचा डबा ठेवला. मंडळींत मात्र अरविंदचा भाव वधारला होता. उमाकांतवर बाजी उलटवणारा माणूस! लोक त्याला टाळ्या द्यायला लागले. आणि खरं सांगायचं तर, त्याला ते आवडत होतं. पोरीला जरा लागलंय, होईल ठीक, वय आहे, असं तो स्वतःला सांगायचा.

जानेवारीत संक्रांतीचा कार्यक्रम उमाकांतच्या कंपाउंडच्या हॉलमध्ये झाला. बायका काळ्या साड्यांमध्ये, पोरं धुडगूस घालत होती, तिळगुळाच्या थाळ्या फिरत होत्या. फिशपॉन्ड झाले. मग उमाकांतने विचारलं की तरुण मंडळींपैकी कुणी काही करून दाखवणार का. तन्वीने हात वर केला. एरवी कधी स्टेजकडे न फिरकणारी पोरगी. अरविंदला वाटलं, चला, आली एकदाची माणसांत. त्याने सगळ्यांत आधी टाळी वाजवली.

"मी बाबांची नक्कल करणार आहे," ती म्हणाली.

"वा वा! होऊन जाऊ दे!" उमाकांत गरजला.

आणि केली तिने नक्कल. काय हुबेहूब! बाबा टोमॅटो निवडताना, एकेक टोमॅटो उजेडात धरून. बाबा टॅक्सीवाल्याला अरबीत "यल्ला, यल्ला", चल चल, म्हणताना आणि त्याने मागे वळून पाहिलं की "सॉरी, सॉरी" म्हणताना. गळ्याजवळचं बटण चाचपत, मान किंचित वाकडी करून. माणसं खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली. अरविंदही हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरीच्या अंगात कला आहे, असं त्याने शेजारच्याला सांगितलंसुद्धा.

"आता शेवटची," तन्वी म्हणाली. "बाबा ऑफिसमधून घरी येतात. आईला सांगतात, आज बॉस एकदम खूश होता. मग बाथरूममध्ये जातात आणि नळ सोडतात. पूर्ण. म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये."

तिने हवेतच नळ फिरवला. आणि मग खांदे पाडून, समोरच्या न दिसणाऱ्या आरशाला बापाच्या आवाजात बोलायला लागली. दबक्या, फाटक्या आवाजात. "यू कॅनॉट शाउट ॲट मी लाइक धिस, सर. आय ॲम अ‍ॅन इंजिनीअर, सर. इन फ्रंट ऑफ लेबरर्स यू कॉल मी डॉंकी. आय हॅव अ डॉटर, सर." मग तोंडावर हात घेऊन ती हुंदके द्यायला लागली. अगदी त्याचेच हुंदके, मध्ये नाक ओढण्यासकट. मग नळ बंद केला, चेहरा पुसला, बाहेर आली आणि हसऱ्या आवाजात म्हणाली, "तन्वी, चल गं बाल्कनीत, गाड्या आल्या असतील!"

मागच्या रांगेतली पोरं अजून खिदळत होती. पुढच्या रांगांमधला आवाज बसत गेला. कुणी थाळीतले तीळ गोळा करायला लागलं, कुणी मोबाइल काढला. उमाकांतसुद्धा खाली बघायला लागला. तन्वीने वाकून नमस्कार केला आणि जाऊन आईशेजारी बसली. अरविंद मात्र खुर्चीतून उठून उभा राहिला होता आणि हसत होता. नियमच होता तो. त्याला थांबता येईना.

हसता हसता त्याला कळत गेलं. तन्वीची खोली बाथरूमला लागून होती. ती त्या खोलीत झोपायला लागली तेव्हा सहा वर्षांची होती. तेव्हापासून ती भिंतीपलीकडून हे ऐकत होती, आणि तरी रोज संध्याकाळी बाल्कनीत येऊन, गाड्यांतलं त्याला सगळं कळतं असं मानून त्याचं बोलणं ऐकत उभी राहत होती.